कण ओढून काढण्याआधी हलवून बघा: चिकटणं आणि घरंगळणं मोजताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. १० मायक्रॉन व्यासाचे पॉलिस्टायरीनचे गोळे, खाली सिलिकॉन वेफर आणि हाताशी एएफएम, म्हणजे अ‍ॅटॉमिक फोर्स मायक्रोस्कोप, जो कॅन्टिलिव्हर नावाची बारीक पट्टी किती वाकली त्यावरून बल मोजतो. पुल-ऑफ फोर्स, म्हणजे गोळा ओढून सोडवायला लागणारं बल, मोजला की कधी ८० नॅनोन्यूटन येतो, कधी ६००. गाईड म्हणतात, आकडे थिअरीशी जुळवून दाखव आणि रोलिंग रेझिस्टन्सही, म्हणजे घरंगळण्याला होणारा विरोधही, मोज. गोळा कॅन्टिलिव्हरला चिकटवून वेफरवर आडवा ओढला, तर मिळणारा लॅटरल फोर्स रोलिंग रेझिस्टन्स म्हणून थिसिसमध्ये देता येईल का?

शेवटच्या ओळीचं उत्तर आधी देते: नाही. कॅन्टिलिव्हरला चिकटवलेला गोळा घरंगळू शकत नाही, तो फरफटत जातो. तुम्ही मोजाल ते सरकण्याचं घर्षण, आणि त्या दोन गोष्टींत शेकडो पटींचा फरक असतो. ही चूक छापून आलेल्या कामातही दिसते, त्यामुळे मनाला लावून घेऊ नका. पण व्हायवाला कोणी जाणकार बसला तर पहिला प्रश्न हाच येईल.

आता मुळापासून. तुमच्या एका गोळ्याचं वजन साधारण ५ पिकोन्यूटन आहे. जॉन्सन, केंडॉल आणि रॉबर्ट्स यांचं १९७१ चं सूत्र, म्हणजे आपलं नेहमीचं जेकेआर, सांगतं की गोळा सुटायला लागणारं बल म्हणजे दीड गुणिले पाय (π) गुणिले चिकटण्याची ऊर्जा गुणिले त्रिज्या. ऊर्जा दर चौरस मीटरला ०.०२ ज्यूल धरली तर ते ४७० नॅनोन्यूटन येतं, म्हणजे वजनाच्या नव्वद हजार पटींच्या आसपास. म्हणूनच वेफर उलटा केला, आपटला तरी गोळे जागचे हलत नाहीत. या जगात गुरुत्वाकर्षण विसरायचं.

गोळा टेकलेला असतो तो ठिपका जेकेआरने काढला तर साधारण २५० नॅनोमीटर व्यासाचा निघतो. गोळा फुटबॉलएवढा केला तर ठिपका तुरीच्या दाण्याएवढा होईल. चिकटण्याचा आणि घरंगळण्याचा सगळा कारभार त्या दाण्याएवढ्या जागेत चालतो. ओढून काढताना ठिपका चहूबाजूंनी आत आकसत जातो आणि एका क्षणी सुटतो. घरंगळताना मात्र ठिपका नाहीसा होत नाही, जागा बदलतो: पुढची कड नव्याने चिकटते, मागची उकलते. चिकटपट्टी लावायला बोट फिरवलं की झालं, काढताना जोर लागतो. तसंच इथे चिकटताना जेवढी ऊर्जा परत मिळते त्यापेक्षा उकलताना जास्त द्यावी लागते. हा फरक म्हणजेच घरंगळण्याला होणारा विरोध.

डॉमिनिक आणि टिलेन्स यांनी १९९५ मध्ये याचं गणित मांडलं. त्यांचा जीव अडकला होता अवकाशातल्या धुळीत, धुळीचे कण एकमेकांना चिकटून ग्रहांची बीजं कशी बनतात यात. त्यांची कल्पना अशी: गोळ्याला बाजूने ढकललं की ठिपका लगेच पुढे सरकत नाही. गोळा आधी नुसता कलतो, ठिपका जागेवर राहतो आणि त्याच्या मध्यापासून गोळ्याचा मध्य थोडा पुढे जातो. हे अंतर एका ठरावीक मर्यादेला पोचलं की कड सुटते आणि गोळा घरंगळतो. त्या मर्यादेला क्साय (ग्रीक अक्षर ξ) म्हणतात. ती अणूंमधल्या अंतरापेक्षा कमी नसते आणि ठिपक्याच्या त्रिज्येपेक्षा जास्त नसते. गोळ्याच्या मध्यावर ढकललं तर घरंगळवायला लागणारं बल होतं सहा पाय गुणिले ऊर्जा गुणिले क्साय. या सूत्रात त्रिज्या नाही! क्साय एक नॅनोमीटर धरला तर ०.३८ नॅनोन्यूटन येतं. वर उचलायला ४७० नॅनोन्यूटन, घरंगळवायला अर्ध्या नॅनोन्यूटनहून कमी.

हे कागदावरचं नाही. हाइम, ब्लुम, प्रॉयस आणि बुट यांनी १९९९ मध्ये सिलिकाच्या मायक्रॉनएवढ्या गोळ्यांवर एएफएमने दोन्ही मोजली. सुटण्याचं बल त्रिज्येच्या प्रमाणात वाढत गेलं आणि घरंगळण्याचं बल ०.८५ नॅनोन्यूटनच्या आसपास आलं. तुमचे गोळे पॉलिमरचे आहेत, मऊ आहेत, त्यामुळे तुमचा क्साय एक नॅनोमीटरपेक्षा बराच मोठा निघेल अशी तयारी ठेवा.

आता तुमच्या ८० ते ६०० च्या गोंधळाकडे. चार संशयित आहेत आणि माझ्या मते तुमच्याकडे चारही हजर आहेत.

पहिला म्हणजे कॅलिब्रेशन. स्प्रिंग कॉन्स्टंट, म्हणजे कॅन्टिलिव्हरचा ताठपणा, त्याच्या तापमानामुळे होणाऱ्या थरथरीवरून (थर्मल पद्धतीने) काढला असेल, ठीक आहे, पण गोळा कॅन्टिलिव्हरच्या नेमका टोकाला आहे का? १०० मायक्रॉन लांबीच्या कॅन्टिलिव्हरवर तो टोकापासून १० मायक्रॉन आत बसला, तर त्या जागी स्प्रिंग सुमारे ३७ टक्के अधिक ताठ असते, कारण ताठपणा लांबीच्या घनाने बदलतो. प्रत्येक गोळा वेगळ्या जागी बसला की प्रत्येकाची चूक वेगळी. ०.२ न्यूटन प्रति मीटरचा मऊ कॅन्टिलिव्हर वापरला असेल तर ५०० नॅनोन्यूटनला तो अडीच मायक्रॉन वाकतो आणि वाकणं टिपणाऱ्या फोटोडायोडचं वाचन वाकण्याच्या प्रमाणात राहतच नाही. ओढून काढायला ५ ते १० न्यूटन प्रति मीटरचा घ्या.

दुसरा संशयित खडबडीतपणा. हा सगळ्यात मोठा. दोन-तीन नॅनोमीटरचा उंचवटा ठिपक्याखाली आला तर बल निम्मं होतं, कधी दहाव्या हिश्श्यावर येतं. गोळ्याचा तळ कसा आहे ते तुम्हाला दिसत नाही, म्हणून टोकदार सुयांची ग्रेटिंग घेऊन तिच्यावर तोच चिकटवलेला गोळा स्कॅन करा. प्रत्येक सुई गोळ्याचा फोटो काढते, उलटा एएफएम म्हणा हवं तर. सुईच्या टोकापेक्षा बारीक काही दिसणार नाही, पण मोठं टेंगूळ किंवा कचरा असेल तर लपत नाही. मी हे प्रत्येक गोळ्याला दोनदा करते, मोजमापाआधी आणि नंतर. नंतरचा फोटो बघून कितीतरी सुंदर आकडे मी स्वतःच्या हाताने खोडले आहेत.

तिसरा, हवेतला ओलावा. मी पावसाळ्यात पुण्यात काम केलंय, म्हणून हे जरा जिव्हाळ्याचं आहे. जूनच्या एका दुपारी एकच सिलिकाचा गोळा आणि एकच वेफर घेऊन मोजत होते. सकाळपासून आकडे शहाण्यासारखे येत होते. बाहेर सर आली, एसीच्या फटीतून ओली हवा आत आली आणि तासाभरात बल तिप्पट झालं. खोलीतल्या कोणीही काही हलवलं नव्हतं. कारण साधं आहे: सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असताना ठिपक्याभोवतीच्या फटीत पाण्याची जी कड जमते तिची वक्रता पाऊण नॅनोमीटरची असते, ९० टक्क्यांना पाच नॅनोमीटरची होते. सपाट आणि पाणी धरणाऱ्या पृष्ठभागांमध्ये पाण्याच्या ताणाचं बल चार पाय गुणिले त्रिज्या गुणिले पृष्ठताण इतकं जातं, म्हणजे पाच मायक्रॉन त्रिज्येला साडेचार हजार नॅनोन्यूटन. तुमचं पॉलिस्टायरीन पाणी फारसं धरत नाही, पण वेफरवरचा ऑक्साइड धरतो. कोरडा नायट्रोजन सोडून चेंबर १० टक्क्यांखाली आणा, अर्धा तास थांबा, मग सुरुवात करा. आणि आर्द्रतेचा आकडा प्रत्येक फाईलच्या नावातच लिहा. वहीत लिहू म्हणणारे लिहीत नाहीत, मीही लिहीत नसे.

चौथा, विद्युतभार. पॉलिस्टायरीन घासलं की भार घेतं आणि कोरड्या नायट्रोजनमध्ये तो तासन्‌तास उतरत नाही. म्हणजे तिसऱ्या संशयितावरचा उपाय चौथ्याला बळ देतो. ओळखायची खूण: गोळा खाली येताना, अजून मायक्रॉनभर वर असतानाच वक्र (बल विरुद्ध अंतर असा आलेख) हळूहळू खाली झुकायला लागला तर तो भार. व्हॅन डर वाल्सचं आकर्षण इतक्या लांबून दिसत नाही. भार उतरवणारा आयोनायझर दोन मिनिटं लावा आणि परत बघा.

बाकी राहिला डिंक. दोन भागांचं एपॉक्सी वापरत असाल तर थेंब गोळ्याच्या व्यासापेक्षा खूपच लहान हवा. जास्त झाला की तो गोळ्यावर चढतो, कधी पातळ थर होऊन थेट तळापर्यंत पोचतो. एकदा माझे दोन आठवडे असे गेले. गोळा दिसायला स्वच्छ होता, आकडे एकसारखे येत होते, मी खूश. मग एक दिवस वक्र मोठा करून बघितला: सुटताना एकदम तुटून शून्यावर यायला हवा, तर तो पायऱ्यापायऱ्यांनी, ताणलेल्या गुळाच्या पाकासारखा तार धरत सुटत होता. पाकाची तार दिसली की ती डिंकाची समजायची, गोळा फेकून द्यायचा. आकडे एकसारखे येतात म्हणजे ते बरोबर असतात, हा समज तेव्हा गेला.

जेकेआर लावायचं की डीएमटी (चिकटण्याचं दुसरं प्रचलित सूत्र), हाही तुमचा एक उपप्रश्न आहे. डीएमटीत दीडाच्या जागी दोन येतात, एवढाच फरक. कोणतं लागू ते टेबरच्या गुणांकावरून ठरतं; गोळा मोठा, मऊ आणि जास्त चिकट असेल तितका तो मोठा. ०.१ च्या खाली डीएमटी, पाचच्या वर जेकेआर. तुमचे आकडे घातले तर तो दोनच्या आसपास येतो, म्हणजे ना धड इकडे ना तिकडे. पण दीड आणि दोन यांत तेहतीस टक्के फरक, आणि तुमच्या मोजमापात साडेसातपट. तिथे डोकं फोडू नका. एक बाजू निवडा, कारण लिहा, पुढे चला.

आता घरंगळणं. मला सगळ्यात पटलेली पद्धत जराशी वाकडी आहे. वेफरचा तुकडा आडवा ठेवायचाच नाही, काटकोनी ब्रॅकेटवर उभा चिकटवायचा. गोळे भिंतीवरच्या पालीसारखे चिकटून राहतात, वजनाची भीती नाहीच. वरच्या कडेपासून शंभरेक मायक्रॉनच्या आतला एकटा गोळा शोधायचा, नाहीतर होल्डर वेफरला अडतो. मग बिनसुईचा कॅन्टिलिव्हर वरून खाली आणायचा, त्याची कड भिंतीपासून दोन-तीन मायक्रॉन लांब ठेवून, आणि गोळ्याला भिंतीच्या बाजूने खाली ढकलायचं. फायदा असा की आडवं बल आता कॅन्टिलिव्हरच्या साध्या वाकण्यात दिसतं, ज्याचं कॅलिब्रेशन आपल्याला जमतं. पिळवटण्याचं म्हणजे लॅटरल कॅलिब्रेशन हे एएफएमवाल्यांचं जुनं दुखणं आहे. ते टळतं.

वक्र असा दिसतो. कड गोळ्याला टेकते, मग एक सरळ चढ, मग एक शेंडा, मग खाली येऊन करवतीसारखी आडवी रेघ. चढ म्हणजे गोळ्याचं कलणं, शेंडा म्हणजे कड सुटण्याचा क्षण, आडवी रेघ म्हणजे घरंगळणं. चढाकडे लोक लक्ष देत नाहीत, खरी मेजवानी तिथे आहे. कलणाऱ्या ठिपक्याचा ताठपणा सहा पाय गुणिले ऊर्जा एवढा असतो, त्यातही त्रिज्या नाही. ०.०२ ला तो ०.३८ न्यूटन प्रति मीटर. म्हणजे गोळा न उचलता, ठिपका न मोडता चिकटण्याची ऊर्जा मिळाली. शेंड्याला त्या ताठपणाने भागलं की क्सायही मिळाला. अर्थात कॅन्टिलिव्हर आणि ठिपका एकापाठोपाठ जोडलेल्या स्प्रिंगा आहेत, तेव्हा कॅन्टिलिव्हर फार मऊ घेतला तर चढात त्याचाच ताठपणा दिसेल. फार ताठ घेतला तर ०.४ नॅनोन्यूटन सिग्नलच्या गोंगाटात (नॉइजमध्ये) बुडेल. ०.२ न्यूटन प्रति मीटर हा मधला तोडगा: शेंड्याला दोन नॅनोमीटर वाकणं, तापमानाची थरथर ०.१५ च्या आत.

पण गोळा खरंच घरंगळला की सरकला? कॅमेऱ्यात दोन्ही सारखंच दिसतं. गोळ्यांच्या एका बाजूवर स्पटरिंगने सोन्याचा पातळ थर द्या. तो थर ठिपक्याखाली मात्र यायला नको, नाहीतर तुम्ही पॉलिस्टायरीन सोडून सोनं मोजाल. १० मायक्रॉनच्या गोळ्याचा परीघ ३१.४ मायक्रॉन, म्हणून साधारण १६ मायक्रॉन ढकलल्यावर चमकणारी बाजू उलट्या अंगाला गेली पाहिजे. सोनं नसेल तर दुसरी युक्ती: गोळा खालच्या वेफर आणि वरच्या सपाट कॅन्टिलिव्हरच्या मध्ये धरून वरची बाजू हलवा. तळहातांत लाडू वळताना वरचा हात जेवढा जातो त्याच्या निम्मा लाडू सरकतो, तसाच घरंगळणारा गोळा निम्मं अंतर जातो. पूर्ण अंतर गेला किंवा जागेवरच राहिला तर तो सरकतोय. मात्र इथे दोन ठिपके विरोध करतात आणि वरून दाबही पडतो, तेव्हा ही युक्ती ओळख पटवायला वापरा, आकडा काढायला नको.

ज्यांच्याकडे लेझर डॉपलर व्हायब्रोमीटर (लेझरने कंपनं मोजणारं यंत्र) आहे त्यांना आणखी एक सुंदर वाट आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या क्लार्कसन विद्यापीठात चेतिनकाया यांच्या गटाने ती रुळवली. वेफरखाली अल्ट्रासाऊंडचा ट्रान्सड्यूसर लावून गोळ्याला डोलवायचं आणि डोलण्याची वारंवारता लेझरने टिपायची. डोलणारी बाहुली तळातल्या वजनामुळे परत उभी राहते, गोळा ठिपक्याच्या चिकटपणामुळे. वारंवारता ऊर्जेच्या वर्गमुळाने वाढते आणि त्रिज्येच्या दीडाव्या घाताने कमी होते. २० मायक्रॉन व्यासाच्या पॉलिस्टायरीन गोळ्याला, वरचीच ऊर्जा धरून आणि ठिपक्याभोवती डोलतो असं मानून, माझ्या गणिताने ४० किलोहर्ट्झच्या घरात येते. उभं उसळणं मेगाहर्ट्झमध्ये असतं, त्यामुळे दोघांची गल्लत होत नाही.

सेंट्रिफ्यूजबद्दल विचारलंय. शेकडो गोळ्यांची आकडेवारी हवी तर तोच स्वस्त मार्ग. पण हिशेब करून बघा. १०,००० आरपीएम, पाच सेंटीमीटर त्रिज्या: गुरुत्वाच्या साडेपाच हजार पट. तरी तुमच्या गोळ्याला मिळतात फक्त ३० नॅनोन्यूटन. वेफरचं तोंड बाहेरच्या बाजूला ठेवून गोळे उपटायचा प्रयत्न केलात तर ४७० पुढे ३० काय करणार? तेच वेफर असं ठेवा की बल पृष्ठभागाच्या बाजूने लागेल, आणि ३० पुढे ०.४ काय टिकणार? पहिल्या मांडणीत जवळजवळ सगळे राहतात, दुसरीत बरेचसे जातात. जे दुसरीतही राहतात ते गोल नसलेले, चपटे झालेले किंवा दोन-दोन चिकटलेले असतात. गोळा अर्धा केला तर सेंट्रिफ्यूजचं बल आठव्या हिश्श्यावर येतं आणि चिकटणं निम्म्यावर. एक मायक्रॉनच्या खाली उपटण्याचा नाद सोडा.

एक क्रम मात्र पाळा. आधी कलवा, मग घरंगळवा, आणि अगदी शेवटी ओढून काढा. ओढून काढलं की तो ठिपका संपला. परत टेकवलेला ठिपका नवा असतो, आणि पॉलिस्टायरीन हळूहळू पसरत असल्यामुळे किती सेकंद टेकवला आणि किती जोराने दाबला यावर त्याचं बल ठरतं. तुमच्या ८० आणि ६०० मध्ये कोणी दोन सेकंद टेकवलंय, कोणी चहाला गेलंय, असंही असू शकेल. वेळ आणि दाब दोन्ही बांधून घ्या.

किती गोळे पुरेत? एका गोळ्यावर शंभर वक्र म्हणजे शंभर मोजमापं नव्हेत, ते एक मोजमाप शंभर वेळा. निदान वीस वेगवेगळे गोळे, प्रत्येकाला वेफरवरच्या पाच जागा. सरासरी आणि प्लस-मायनस देऊ नका, वाटणी एका बाजूला लांबलेली असते. मध्यक द्या आणि सगळे बिंदू आलेखावर दिसू द्या. आणि ज्या गोळ्यांचा नंतरचा ग्रेटिंगवरचा फोटो खराब आला ते काढून टाकताना किती काढले तो आकडा त्याच पानावर लिहा.